रोग्याची वही

(मंडळ्यांतील अभ्यासवर्गासाठी पाठ. शास्त्रभाग : मार्क ५ : २१–३४. सोबत लूक ८ : ४०–४८ हा भागही वाचावा.)



आजच्या पाठात दोन गोष्टी आहेत. एक शुभवर्तमानातील असून ती आपणांपैकी बहुतेकांस तोंडपाठ आहे. दुसरी आपल्याच घरी फळीवर, गोळ्यांच्या डब्यात पडलेली आहे, आणि तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. औषध घेतल्यावर रोग्यास जो त्रास होतो तो त्याने ध्यानात कसा ठेवावा, कसा लिहावा, व डॉक्टरांस कसा सांगावा, हे आज आपणांस शिकावयाचे आहे. कोणी म्हणेल की हा विषय दवाखान्यातला. मंडळीच्या पत्रात तो कशाला? त्याने पाठ शेवटपर्यंत वाचावा, म्हणजे त्याचे उत्तर त्यास मिळेल.

१. त्या स्त्रीने काय केले?

बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या त्या स्त्रीची हकीगत मार्काने थोडक्यात, पण स्पष्ट सांगितली आहे. तिने अनेक वैद्य केले, जवळ होते नव्हते ते सर्व खर्चिले, आणि गुण येण्याऐवजी दुखणे वाढतच गेले. शास्त्राने ही गोष्ट झाकून ठेवलेली नाही, हे आपण नीट ध्यानात घ्यावे. लूक तर स्वतः वैद्य होता (कलस्सै ४ : १४ पाहा), तरी त्यानेही कोणाच्या हातून तिला गुण आला नाही हे नमूद केले आहे. तेव्हा उपचाराने कधी कधी त्रास होतो असे बोलून दाखविणे म्हणजे कृतघ्नपणा नव्हे, आणि अविश्वास तर नव्हेच नव्हे.

पुढे पाहा. ती स्त्री गर्दीतून, मागच्या बाजूने, कोणास न कळता आली. वस्त्रास स्पर्श होताच तिचे दुखणे गेले. आता तिने तसेच निघून जावे, असे आपणांस वाटले असते. प्रभू तर घाईत होता. याईराची मुलगी मरणास टेकली होती, लोक चोहोंकडून रेटीत होते, आणि कोणी स्पर्श केला हा प्रश्न शिष्यांना निरर्थक वाटला. तरी प्रभू थांबला. ती भीत भीत, थरथरत पुढे आली आणि तिने आपली सगळी हकीगत जशी घडली तशी सांगितली. त्याने तिला दटावले नाही. लेकीच्या नात्याने तिला हाक मारली व शांत मनाने घरी पाठविले.

यात रोग्याविषयी तीन गोष्टी दिसतात. रोग्याच्या मनात भय असते. त्याच्याभोवती गर्दी व घाई असते. आणि तरीही सर्व खरे सांगून टाकणे हा त्याच्या बरे होण्याचाच एक भाग असतो. आजच्या पाठाचे सारे सार या तिसऱ्या गोष्टीत आहे.

२. पिंपरीत तयार झालेली दोन औषधे

आता गालीलाहून आपण आपल्या मुलखात येऊ. पुण्याच्या वायव्येस पिंपरी व चिंचवड ही पूर्वी लहान गावे होती, आणि त्यांच्या पलीकडचे चाकण हे किल्ल्यासाठी व कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध होते. आज हा सर्व पट्टा कारखान्यांनी भरून गेला आहे. आपल्या मंडळ्यांतून कितीतरी घरांतील मुलगे, सुना व जावई तेथे कामास गेले आहेत. त्या पिंपरीत स्वतंत्र भारत सरकारने १९५४ साली ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स’ हा औषधांचा कारखाना स्थापिला. जागतिक आरोग्य संघटना व संयुक्त राष्ट्रांचा बालकनिधी यांनी त्यास साहाय्य केले, आणि १९५५ साली तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पुढे त्याच कारखान्यात स्ट्रेप्टोमायसिनही होऊ लागले. यापूर्वी ही औषधे परदेशांतून येत असत व गरिबास ती दुर्मिळ असत. या दोन औषधांनी किती माता, किती लेकरे व किती क्षयरोगी वाचले असतील, याची गणती कोण करील? त्याबद्दल देवाचे उपकार मानावे तितके थोडे.

परंतु या दोन्ही औषधांची दुसरी बाजूही आहे. काही थोड्या माणसांस पेनिसिलिन सोसत नाही. अशा माणसाच्या अंगावर गांधी उठतात, ओठ व तोंड सुजते, श्वास कोंडतो, आणि क्वचित प्रसंगी काही मिनिटांत प्राणावर बेतते. ज्यास एकदा असा त्रास झाला त्याने पुढे प्रत्येक डॉक्टरास प्रथम तेच सांगितले पाहिजे. स्ट्रेप्टोमायसिनची गोष्ट निराळी आहे. १९४३ साली अमेरिकेत हे औषध सापडले, व क्षयरोगाच्या जंतूंवर चालणारे पहिले प्रभावी औषध म्हणून त्याची कीर्ती झाली. परंतु त्याची टोचणी घेणाऱ्या काही रोग्यांच्या कानांत आवाज येऊ लागला, चालताना तोल जाऊ लागला, आणि काहींची श्रवणशक्ती कायमची गेली. नव्या क्षयरोग्यास आता हे औषध सहसा देत नाहीत.

आता विचार करा. कानात आवाज येत आहे हे प्रथम कोणास कळते? डॉक्टरांच्या नळीस तो ऐकू येत नाही. छातीच्या चित्रात तो दिसत नाही. तो एकट्या रोग्यासच ऐकू येतो. रोगी बोलला तर डॉक्टर वेळीच औषध बदलतील. रोगी गप्प राहिला तर कान जाईपर्यंत कोणास काही कळणार नाही. औषधाच्या त्रासाचा पहिला साक्षी रोगी स्वतःच होय. त्याची साक्ष कोणी घेतलीच नाही, तर सर्वांत मोठ्या डॉक्टरांचे ज्ञानही अपुरे पडते.

३. रुग्णालयातील खाटेकडून घरातील फळीकडे

आपल्या आजोबांच्या काळी क्षयरोग्यास घरापासून दूर, आरोग्यभुवनात ठेवीत असत. १८९४ साली मिरजेस मिशन रुग्णालय काढणारे डॉ. वानलेस यांच्या नावाने वानलेसवाडीस असे एक आरोग्यभुवन होते, हे आपल्यातील वृद्धांस ठाऊक आहे. तेथे परिचारिका सकाळ-संध्याकाळ खाटेपाशी येऊन विचारपूस करीत. १९५६ साली मद्रासेस क्षयरोगाच्या औषधोपचाराचे एक केंद्र निघाले. तेथील डॉक्टरांनी काही रोग्यांस आरोग्यभुवनात व काहींस त्यांच्या स्वतःच्या गरीब घरांत ठेवून तीच औषधे दिली. १९५९ साली त्यांनी जगास दाखवून दिले की, औषधे नियमित घेतल्यास घरचा रोगीही आरोग्यभुवनातील रोग्यासारखाच बरा होतो. तेव्हापासून खाटेची जागा घराने घेतली. आज क्षयच नव्हे, तर मधुमेह, रक्तदाब, फेफरे, सांधेदुखी अशा कितीतरी रोगांची औषधे माणसे घरीच, वर्षानुवर्षे घेत असतात.

रोगी घरी आला, गोळ्या घरी आल्या. परंतु ती खाटेपाशी येऊन विचारणारी परिचारिका मात्र घरी आली नाही. तिचे काम आता कोणी करावयाचे? याचे एक उत्तर आपल्याच बंधुभगिनींनी जामखेडास दिले आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली तेथे ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. त्यांनी गावोगावच्या स्त्रियांस, ज्यांतील पुष्कळ निरक्षर होत्या, आरोग्याचे शिक्षण दिले; आणि शेजारच्या घरात जाऊन विचारपूस करणारी साधी बाई काय करू शकते हे सर्वांस दिसून आले. जे त्या बहिणींनी केले, त्यातील लहानसा वाटा आपल्या मंडळीतील उपदेशक, वडील व भगिनीही उचलू शकतील. त्यास दोन आण्यांची विद्या व एक वही पुरे.

४. चाकणच्या खोलीतील एक गोष्ट

हे प्रत्यक्षात कसे घडते ते पाहू. समजा, मराठवाड्यातील एका मंडळीचा तरुण चाकणजवळ महाळुंग्यास चार सोबत्यांबरोबर एका खोलीत राहतो. ठेकेदाराकडे त्याचे काम आहे. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. खोकला हटेना म्हणून तपासणी झाली व क्षयरोग निघाला. सरकारी दवाखान्यातून गोळ्या फुकट मिळाल्या. सहा महिने घ्यावयाच्या, असे त्यास सांगितले. पहिल्याच दिवशी लघवी तांबूस-नारिंगी झाली. त्यास वाटले, रक्त पडते आहे. दुसऱ्या आठवड्यात मळमळ सुरू झाली व रात्रपाळीहून आल्यावर उपाशीपोटी गोळ्या घेतल्या की उलटी होऊ लागली. सोबती म्हणाला, “औषध फार गरम आहे, सोडून दे.” एव्हाना खोकला कमी झालाच होता. त्याने गोळ्यांची पाकिटे गादीखाली सारली. रविवारी आईचा फोन आला.

“गोळ्या घेतोस ना रे बाळा?”

“घेतो ना आई. तू काळजी करू नकोस.”

आईस दुःख होऊ नये म्हणून तो खोटे बोलला. परंतु ही गादीखालची गुप्त गोष्ट त्यास महाग पडेल. अर्धवट औषधाने जंतू अर्धेच मरतात, आणि उरलेले त्या औषधास न जुमानण्याइतके निर्ढावतात. मग रोग उलटतो, साधी औषधे चालेनाशी होतात, उपचार अधिक कठीण होतो, आणि त्या लहान खोलीतील चारही सोबत्यांस त्याच निर्ढावलेल्या रोगाची भीती उत्पन्न होते.

आणि या सर्वाचे कारण काय? नारिंगी लघवी ही तर रिफाम्पिसिन या औषधाच्या रंगाने होते व तिच्यापासून काहीही अपाय नाही. उलटीविषयी डॉक्टरांनी विचारपूस केली असती, यकृताची तपासणी केली असती, गोळ्यांची वेळ बदलून दिली असती. दोन्ही भये दहा मिनिटांच्या बोलण्याने मिटणारी होती. तो तरुण गोळ्यांनी हरला नाही, न बोलण्याने हरला.

तो का बोलला नाही? एक, डॉक्टर रागावतील ही भीती. दोन, दवाखान्यात गेल्यास दिवसाची मजुरी बुडते. तीन, दवाखान्याच्या गर्दीत नेमके काय व कसे सांगावे हे सुचत नाही. आणि चौथे कारण आपल्या मंडळ्यांतीलच आहे, ते दुःखाने लिहावे लागते. कित्येकांस वाटते की, औषधाविषयी कुरकुर करणे म्हणजे विश्वास डळमळणे. आणि कित्येक जण तर औषध सोडून दिल्याची साक्ष मंडळीपुढे मोठ्या आनंदाने देतात. अशी साक्ष ऐकून दुसरा दुबळा बंधूही गोळ्या टाकील, याची जबाबदारी कोणावर? हिज्कीया राजाने प्रार्थना केली, आणि त्याच्या गळवावर अंजिरांचे पोटीसही बांधण्यात आले (२ राजे २० : १–७). देवाने दोहोंचा उपयोग केला. आपण त्यांत भांडण लावू नये.

५. वही कशी ठेवावी?

यास्तव प्रत्येक दीर्घ रोग्याने एक लहान वही ठेवावी. ती खिशात मावेल इतकी लहान असावी. पहिल्या पानावर चार गोष्टी लिहाव्या : नाव व वय, कोणकोणते रोग आहेत, पूर्वी कोणत्या औषधाने त्रास झाला होता, आणि हल्ली चालू असलेल्या सर्व औषधांची नावे. ‘सर्व’ या शब्दावर जोर आहे. दुकानातून स्वतः आणलेली डोकेदुखीची गोळी, वैदूने दिलेले चूर्ण, सांधेदुखीच्या नाव-गाव नसलेल्या पुड्या, शेजारणीने दिलेली गोळी, हे सर्व लिहावे. दारू किंवा तंबाखू असल्यास तेही लपवू नये. स्त्री गर्भवती असेल किंवा मूल अंगावर पीत असेल तर ते ठळक लिहावे.

पुढील पानांवर रोजची नोंद असावी. तीत तारीख, औषध घेतल्याची वेळ, किती गोळ्या, जेवणाआधी की नंतर, काय त्रास झाला, तो केव्हा सुरू झाला व केव्हा थांबला, एवढे पुरे. वर सांगितलेल्या तरुणाची नोंद अशी असती :

“सोमवार. रात्रपाळी. सकाळी ८ वाजता उपाशीपोटी ३ गोळ्या. ९ वाजता मळमळ, एक उलटी. दुपारी भाकरी खाल्ली, ती राहिली. डोळे पिवळे नाहीत. अंगास खाज नाही.”

“मला औषध सोसत नाही,” एवढ्या बोलण्याने डॉक्टरांस काहीच कळत नाही. वरील तीन ओळींनी मात्र पुष्कळ कळते. उलटी रात्रपाळीच्या आठवड्यातच होते, दिवसपाळीच्या आठवड्यात होत नाही, हे दोन पाने चाळताच दिसते.

ज्यास लिहिता येत नाही त्याने खुणा कराव्या. सकाळच्या गोळीस सूर्य, रात्रीच्या गोळीस चंद्र काढावा. गोळी घेतली की त्यावर रेघ मारावी. त्रास झाला त्या दिवशी फुली करावी, व रविवारी उपासनेनंतर शिकलेल्या भावाबहिणीकडून त्या फुलीचा अर्थ लिहवून घ्यावा. रिकामे झालेले पाकीट टाकू नये, वहीतच ठेवावे. त्यावर औषधाचे मूळ नाव, तयार केल्याची व मुदत संपल्याची तारीख आणि बॅच क्रमांक छापलेला असतो. एकच औषध अनेक कंपन्यांच्या निराळ्या नावांनी मिळते. तापाच्या गोळीत पॅरासिटामॉल, आणि सर्दीच्या गोळीतही तेच, असे पुष्कळदा असते. रोगी दोन्ही घेतो व नकळत दुप्पट औषध पोटात जाते. त्याचा अतिरेक झाल्यास यकृतास इजा होते. पाकिटे एकापुढे एक मांडली की ही चूक उघडी पडते.

६. कोणत्या खुणांकडे लक्ष ठेवावे?

क्षयरोगाच्या औषधांत आयसोनियाझिडने हातापायांस मुंग्या किंवा बधिरपणा येऊ शकतो. त्यासाठी डॉक्टर एक जीवनसत्त्व देतात. पायराझिनामाइडने सांधे दुखू शकतात. एथॅम्ब्युटॉलने क्वचित नजर अंधुक होते किंवा तांबडा व हिरवा रंग ओळखण्यात घोटाळा होतो. हे विलंब न लावता सांगावे. रक्तदाबावरील काही गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो, व काहींनी पायांस सूज येते. हे ठाऊक नसल्यामुळे रोगी खोकल्याचे निराळे औषध घेतो, आणि एका औषधाच्या त्रासावर दुसरे औषध चढते. मधुमेहाचे औषध किंवा इन्सुलिन घेणारा कामगार पाळी बदलल्यामुळे वेळेवर जेवला नाही, तर त्यास घाम सुटतो, हात कापतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. तेव्हा शुद्धीवर असताना त्याने तत्काळ साखर खावी, व ही गोष्ट पुढील भेटीत अवश्य सांगावी. अंगदुखीच्या गोळ्या फार दिवस घेतल्याने पोटात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो.

पुढील खुणा दिसल्यास वहीत लिहीत बसू नये. पुढची मात्रा घेण्यापूर्वी, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. श्वास कोंडत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी :

ओठ, जीभ किंवा तोंड सुजणे व श्वास कोंडणे, डोळे पिवळे होणे व लघवी काळसर होणे, डांबरासारखे काळे शौचास होणे किंवा रक्ताची उलटी, एकाएकी नजर अंधुक होणे, ताप येऊन अंगावर फोड व तोंडात व्रण उठणे, शुद्ध हरपणे.

याखेरीज इतर त्रासांत औषध आपल्या मनाने थांबवू नये. फेफऱ्याची औषधे किंवा फार दिवस चालू असलेली स्टिरॉइडची औषधे एकाएकी बंद केल्याने रोग्यास मोठा धोका पोहोचतो. आणि एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. औषधानंतर झालेला प्रत्येक त्रास औषधानेच झाला असे नाही. तो मूळ रोगाचा असेल, उपासाचा असेल, उन्हाचा असेल. वही औषधास दोषी ठरविण्यासाठी नाही. खरे काय ते समजण्यासाठी आहे.

७. डॉक्टरांपुढे कसे बोलावे?

दवाखान्यात गर्दी असते व डॉक्टरांस थोडा वेळ असतो. म्हणून आदल्या रात्री वही वाचून तीन वाक्ये ठरवून ठेवावी : मी काय घेतो, मला काय होते व केव्हापासून, आणि मी त्यावर काय केले. गोळ्या बुडविल्या असतील तर किती दिवस बुडविल्या, तेही निर्भयपणे सांगावे. “डॉक्टरसाहेब, मी आठ दिवस गोळ्या घेतल्या नाहीत, मला उलटीची भीती वाटली,” हे वाक्य उच्चारण्यास जड आहे, परंतु डॉक्टरांस याहून उपयोगी दुसरे वाक्य नाही. न सांगितल्यास ते असेच समजतील की गोळ्या घेऊनही गुण नाही, आणि अधिक तीव्र औषध देतील.

मग तीन प्रश्न विचारावे : हा त्रास औषधाचा असू शकेल काय? औषध असेच चालू ठेवू की बदल कराल? कोणती खूण दिसल्यास मी लगेच यावे? मिळालेले उत्तर तेथेच वहीत लिहून घ्यावे. असे विचारण्यात उद्धटपणा नाही.

८. एकाची नोंद अनेकांच्या कामी

आपली नोंद आपल्यापुरतीच राहत नाही. १९५७ साली जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचे एक औषध विकण्यास निघाले, व गर्भवती स्त्रियाही मळमळीवर ते घेऊ लागल्या. हातपाय अपुरे असलेली बालके जन्मास येऊ लागली. जर्मनीत व ऑस्ट्रेलियात काही डॉक्टरांनी आयांस विचारून विचारून धागा जुळविला, तेव्हा १९६१ साली ते औषध बाजारातून निघाले. तोवर अनेक देशांतील हजारो बालकांस अपाय झाला होता. त्या धड्यावरून १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेने औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी देशोदेशींहून एकत्र करण्याचा उपक्रम सुरू केला.

आपल्या देशातही २०१० सालापासून ‘भारतीय औषध-दक्षता कार्यक्रम’ चालू आहे, व त्याचे मुख्य केंद्र गाझियाबाद येथे आहे. वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची नोंदणी केंद्रे आहेत. केवळ डॉक्टरांनीच नव्हे, तर रोग्याने किंवा त्याच्या नातलगानेही कळविता येते. त्यासाठी मराठीत छापील पत्रक आहे, आणि १८००–१८०–३०२४ या क्रमांकावर फुकट फोन करता येतो. कळविताना चार गोष्टी लागतात : रोगी कोण, औषध कोणते, त्रास कोणता, व कळविणारा कोण. ज्याच्याजवळ वही व रिकामे पाकीट आहे त्यास या चारही गोष्टी हाताशी असतात. रोग्याचे नाव गुप्त राखले जाते. मात्र हे कळविणे म्हणजे उपचार नव्हे. आपल्या डॉक्टरांस सांगणे हे पहिले.

९. उपदेशकांस व मंडळीच्या वडिलांस विनंती

आपण डॉक्टर नाही, हे प्रथम ध्यानात धरावे. कोणास अमुक औषध घे किंवा सोड असे सांगू नये. एकाच्या गोळ्या दुसऱ्यास देऊ नये. रोग्याची वही प्रार्थनासभेत वाचून दाखवू नये. कोणास कोणता रोग आहे हे त्याच्या परवानगीवाचून पत्नीसही सांगू नये. क्षयरोगाचे नाव बाहेर फुटल्याने खोली सोडावी लागलेली, सोयरीक मोडलेली माणसे आपल्या पाहण्यात आहेत. देवास सर्वांची नावे ठाऊक आहेत. प्रार्थनेत नाव घेतले नाही म्हणून ती कमी ऐकली जात नाही.

मग आपण करावे काय? आजाऱ्याच्या घरी गेल्यावर प्रार्थनेच्या आधी दोन प्रश्न विचारावे : “भाऊ, गोळ्या कशा चालल्या आहेत? त्यांनी काही त्रास होतो का?” आणि मग गप्प राहून ऐकावे. उत्तर लगेच येणार नाही. ती स्त्रीदेखील प्रभूने थांबून वाट पाहिली तेव्हाच पुढे आली. ज्यास लिहिता येत नाही त्याची नोंद लिहून द्यावी. जो भितो त्याच्यासोबत दवाखान्यात जावे. गावातील आईबापांस सांगावे की, चाकणच्या मुलास फोनवर “गोळ्या घेतोस ना?” असे विचारू नये, त्याचे उत्तर ‘हो’ असेच येते. “गोळ्यांनी कसे वाटते? आज वहीत काय लिहिलेस?” असे विचारावे. ज्या आईने “बुडविल्या असशील तरी मी रागावणार नाही” असे आधीच सांगून टाकले, तिच्या मुलास खोटे बोलण्याचे कारण उरत नाही.

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. हा विषय मंडळीच्या पत्रात अशासाठी की, सर्व खरे सांगण्याचे धैर्य औषधाच्या दुकानात विकत मिळत नाही. ते जेथे माणसास प्रेमाने ऐकून घेतले जाते तेथेच उत्पन्न होते. अशी जागा आपली मंडळी आहे काय, याचा प्रत्येकाने आपल्या मनाशी विचार करावा.

अभ्यासासाठी प्रश्न

१. त्या स्त्रीस गुण आल्यावरही प्रभूने तिला गुपचूप जाऊ दिले नाही, याची कोणती कारणे आपणांस दिसतात?

२. स्ट्रेप्टोमायसिनच्या उदाहरणावरून, रोग्यास ‘पहिला साक्षी’ का म्हटले आहे?

३. चाकणच्या तरुणाने गोळ्या का सोडल्या? आपल्या मंडळीत तशी कारणे आहेत काय?

४. कोणत्या खुणा दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे? वर्गातील प्रत्येकाने एकेक सांगावी.

५. आजाऱ्याच्या भेटीस गेलेल्या उपदेशकाने काय करावे व काय करू नये?

या आठवड्याचे काम : आपल्या घरातील सर्व औषधांची पाकिटे एका ठिकाणी मांडावी, त्यांची नावे एका वहीत उतरून काढावी, आणि घरातील आजाऱ्याजवळ बसून, त्या औषधांनी त्यास कसे वाटते, हे एकदा विचारावे.